सलोत्र्याचा डावा हात

कोळवणच्या सलोत्र्यानं मला फसवलं. माझ्या दावणीची कुमैत, म्हणजे काळसर तांबड्या रंगाची घोडी त्यानं वांझ म्हणून माझ्याकडून विकत घेतली, आणि एक होळी मध्ये टाकून दुसऱ्या होळीच्या सुमारास, तिच्यामागं उड्या मारणारं शिंगरू घेऊन तो पौडच्या बाजारातून माझ्या डोळ्यांदेखत गेला. वर मला म्हणाला, "काय व्यापारी, बाईसाहेबास्नी रामराम तरी घाल की!" बाईसाहेब म्हणजे घोडी.

गोष्ट एवढी सरळ आहे. तरी कोणाला सांगायला बसलो की थोड्याच वेळात माझं मलाच कळेनासं होतं, की त्यानं फसवलं म्हणजे नेमकं कुठं फसवलं. मी घोड्यांचा सौदागर. डोंगरातून लोकांच्या तट्टांवर कोळशाची पोती आणण्यापासून सुरुवात केली आणि पिरंगुटात स्वतःचे टांगे उभे केले. मला फसवणारे पुष्कळ भेटले. त्यांनी कुठं हात मारला ते मी झोपेतही सांगेन. या एका माणसाचं मात्र गणित लागत नाही, आणि म्हणून त्याच्यावरचा राग उतरत नाही.

सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. हा उमेदीची वर्षं पलटणीच्या घोड्यांच्या तळावर काढून गावी परतला होता. तिथं तो काही डॉक्टर नव्हता. डॉक्टर गोरा साहेब होता आणि हा त्याच्या हाताखाली. पण साहेबाचा दंड जाड आणि याचा हात लांब, निमुळता. म्हणून घोडीच्या पोटात हात घालून गर्भाची पिशवी तपासायची वेळ आली की साहेब यालाच पुढं करी, असं तो सांगायचा. खरं-खोटं साहेबालाच ठाऊक.

तो डावा हात त्यानं जावयासारखा पोसला होता. त्या हातानं तो कळशी उचलत नसे, कोयता धरत नसे, भाताच्या लावणीला चिखलात घालत नसे. रोज संध्याकाळी खोबरेल लावून खांद्यापर्यंत चोळायचा, थंडीत फडक्यात गुंडाळून ठेवायचा. नखं इतकी बारीक काढलेली की बोटं तान्ह्या मुलाची वाटत. त्याच्या प्रत्येक सदऱ्याला डावी बाही नसे. लग्नाला जातानाच्या सदऱ्यालासुद्धा. शिंप्याला तो तसाच शिवायला सांगायचा, आणि एका बाहीचं कापड वाचलं तर शिलाई कमी कर, असं कधी म्हणायचा नाही. मला याचा फार राग येई.

दुसरं म्हणजे साबण. तांबड्या कार्बोलिक साबणाची वडी त्याच्या खिशात असायचीच. घोडीला हात लावण्याआधी धुणं समजू शकतो. हा जेवणाआधी, सौद्याआधी, भांडणाआधीही हात धुवायचा. अंगणात उभं राहून तो सावकाश कोपरापर्यंत फेस करायला लागला, की गडी आता शिव्या देणार, हे अख्ख्या आळीला कळत असे.

माणसांना तो अरे-तुरे करी. पाटील असो, मामलेदार असो. घोडीला मात्र अहो-जाहो. "बाईसाहेब, जरा सरकता का? शेपूट धरतोय हां, माफी असावी." प्रश्नही तो मालकाला विचारत नसे, घोडीला विचारी. "बाईसाहेब, मागच्या साली घोडा दाखवला व्हता का न्हाई?" उत्तर मालकानंच द्यायचं, पण ते मान खाली घालून, घोडीच्या वतीनं. आणि त्याचा हात आत असताना कोणी बोललेलं त्याला चालत नसे. घोटावड्याचे पाटील एकदा आपल्या घोडीची वंशावळ सांगत सुटले. सलोत्री हात आत घालून तसाच थांबला. पाटील बोलताहेत, हा डोळे मिटून उभा. शेवटी पाटीलच म्हणाले, "अरे, झालं का?" त्यावर हा म्हणाला, "तुझं झालं असंल तर माझं सुरू करतो."

तो चुकत नसे असं कोणी समजू नये. त्याच पाटलांच्या घोडीला तो छातीठोकपणे गाभण म्हणाला. पाटलांनी तिला उडीद आणि गूळ चारला, पेढे वाटायचेच राहिले होते. दिवस भरले, काही नाही. पाटील तणतणत कोळवणला गेले. सलोत्री शांतपणे म्हणाला, "बाईसाहेबांनी इचार बदलला."

सगळ्यात वाईट म्हणजे तो भाव सांगत नसे. सगळे त्याला नाना म्हणत. "नाना, द्यायचं काय?" असं विचारलं की, "बाईसाहेबास्नी इचार." मग कोणी साबण देई, कोणी तांदूळ. ज्याला भाव नाही त्याच्याशी माणसानं व्यवहार करायचा कसा? मी रुमालाखालचा माणूस. जनावरांच्या बाजारात आम्ही भाव तोंडानं बोलत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याच्याखाली बोटं धरून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही, धरणाऱ्याला सगळं कळतं. समोरच्याचा तळवा ओला झाला, अंगठा आखडला, बोट सोडायला वेळ लागला, की त्याच्या पोटातलं माझ्या पोटात आलं. त्याच्या हाताला घोडीची पिशवी कळायची, माझ्या हाताला माणूस. म्हणून सुरुवातीला मला तो आपल्याच धंद्यातला वाटला.

आता घोडीचं सांगतो. एस.टी. पौडपर्यंत धावायला लागली आणि टांग्यात पाय ठेवायला माणूस मिळेना. टांगे विकून काय करायचं, तर मी ठरवलं होतं, उंच, देखणी शिंगरं तयार करायची. पुण्यात वरातीला घोडा लागतोच. नवरदेव काही एस.टी.नं येत नाही. त्यासाठी मी रेसमधून काढून टाकलेली कुमैत घोडी एका दलालाकडून घेतली. अशी घोडी या खोऱ्यात कोणाकडं नव्हती. कातडी रेशमासारखी, मान धनुष्यासारखी. माझं सगळं पुढचं आयुष्य तिच्या पोटावर उभं होतं. आणि ती माजावरच येईना. उन्हाळा सरत आला, खोऱ्यातल्या तट्टाण्या फळल्या. ही आपली गवत खातेय आणि नर दिसला की कान पाडून लाथ झाडतेय.

सलोत्र्याला बोलावलं. त्यानं हात धुतला, घोडीची माफी मागितली, मी शेपूट धरलं. त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला. बराच वेळ तो डोळे मिटून होता. मग एकाएकी हसला.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "ह्ये काय घेऊन हिंडताय?"

हात हळूहळू बाहेर आला. मुठीत काचेची गोटी होती. लहान लिंबाएवढी, पोटात हिरवी रेघ.

रेसच्या तबेल्यात घोडी माजावर आली की धावण्यात तिचं लक्ष राहत नाही, म्हणून काही ठिकाणी पिशवीत गोटी सोडतात, असं त्यानं सांगितलं. पिशवीला वाटतं आपण गाभण आहोत, मग माज येत नाही. मला ते काही पटेना. इकडं अंगातून खडे काढून दाखवणारे भोंदू मी जत्रेत पाहिलेले. पण लपवायला त्याला बाहीच नव्हती. हात खांद्यापर्यंत उघडा, वर साबणाचा फेस.

"नाना, गोटी इकडं आण," मी म्हणालो. मला ती दलालाच्या तोंडावर मारायची होती.

त्यानं ती धुतली, पुसली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "ही बाईसाहेबांची हाय. तुजी न्हवं."

"घोडी माझी आहे!"

"घोडी तुजी असंल. पोट तिचं हाय."

मी तसाच रिकाम्या हातानं पुण्याला गेलो. दलाल तंबाखू मळत ऐकून घेत होता. "गोटी?" तो म्हणाला. "कुठाय? शेठ, घोडीच्या पोटात आज गोटी निघाली, उद्या भवरा निघेल. तो पण मीच घातला म्हणाल." त्याची माणसं पोट धरून हसली. तिथून मी परतलो तेव्हा मला दलालाचा राग यायला हवा होता. आला तो सलोत्र्याचा.

पण घोडी माजावर आली. घोटावड्याच्या पाटलांचा काठेवाडी नर दाखवला, घोडी लागली, म्हणजे गाभण राहिली. वर्षभर मी तिला स्वतःच्या हातानं खाऊ घातलं. व्यायली तेव्हा शिंगरू मेलेलं निघालं. उंच पायांचं, कपाळावर चांद असलेलं. त्यात वार अडकली. सलोत्री आला, वार काढली, आणि मग मुक्कामच ठोकला. पाणी उकळून, निववून, मीठ टाकून, रबरी नळी आणि नरसाळं लावून तो घोडीची पिशवी धूत बसे. परत आलेलं पाणी पितळेच्या परातीत धरून उजेडात बघे, वास घेई, आणि मान हलवी. "गढूळ हाय. बाईसाहेब, अजून गढूळ हाय."

घोडी व्यायली की नवव्या दिवशी तिला पुन्हा घोडा दाखवायचा, ही इकडची जुनी रीत. तो माज सहसा फुकट जात नाही, असं माझा चुलता सांगायचा, त्याचा बाप सांगायचा. मी पाटलांचा नर आणला. सलोत्री दारात हात धूत उभा.

"परत ने," तो म्हणाला. "पिशवी सुजलीया. आत पू हाय. औंदा न्हाई."

"नवव्या दिवसाचा माज कोणी सोडतं का?"

"तुज्या बायकूला नवव्या दिशी दाखवला असता का रं?"

यावर मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. घोडी माझी, नर माझ्या बोलीवर आलेला. मी घोडा दाखवला. पुढं घोडीला ताप चढला, शेपटीखाली पू वाहू लागला, ती खाईना. मी निरोप धाडला नव्हता तरी सलोत्री आला. पुन्हा नळी, नरसाळं, परात. पाणी निवळ होईपर्यंत तो माझ्या गोठ्यात राहिला, माझ्या घरचं जेवला नाही; काकी, म्हणजे त्याची बायको, कोळवणहून भाकरी पाठवी. पुढचा माज आला तसा त्यानं अखेरचं तपासलं, हात धुतला आणि घोडीला म्हणाला, "आता निवांत ऱ्हावा, बाईसाहेब." आणि निघून गेला.

त्यानंतर घोडी माजावर आलीच नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. सलोत्र्याला विचारलं की तो हात घाली, डोळे मिटी, आणि म्हणे, "इच्छा न्हाई त्यांची." घोडी अंगानं भरली, चकाकायला लागली, पण शिंगराचं नाव नाही. टांगे तर कधीच गेले होते. एक दिवस कोळवणला त्याच्या अंगणात मी त्याच्यासमोर म्हणालो, "वांझ घोडी पोसून मी भीक मागू काय?"

तो एकदम उठला आणि हात धुवायला लागला. "त्यो शबुद काढू नगंस. रिकामी हाय म्हन."

"वांझ ती वांझच."

काकी तेव्हा तांदूळ निवडत ओसरीवर बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. त्यांना मूल नव्हतं. गावात लोक सलोत्र्याच्या पाठीमागं बोलायचे, की दुनियेच्या घोड्यांच्या पिशव्या चाचपतो आणि घरात पाळणा हलत नाही. मीही हसलो असेन तेव्हा, सगळेच हसत.

सलोत्र्यानं सदऱ्याला हात पुसला आणि म्हणाला, "टाक रुमाल. मी घेतो बाईसाहेबास्नी."

ज्या माणसानं जन्मात भाव बोलला नाही, तो रुमाल टाक म्हणतो! मी रुमाल टाकला. त्यानं डावा हात दिला. त्याचा अंगठा आखडलेला होता. घेणाऱ्याचा अंगठा आखडला की त्याला जनावर काहीही करून हवंय. हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. मी बोट वाढवलं. तो हो म्हणाला. मी आणखी वाढवलं. तो हो म्हणाला. भाकड जनावराला बाजारात कोणी दिला नसता असा भाव मी घेतला, आणि पौडपर्यंत हसत गेलो. आज मी सलोत्र्याला कापला, असं मला वाटत होतं. तो भाव द्यायला त्यानं खालच्या अंगचं भाताचं खाचर विकलं, हे नंतर कळलं. तेव्हा तर मला आणखीच हसू आलं.

मग ती होळी. मी बाजारात मिठाच्या दुकानासमोर उभा होतो. समोरून कुमैत घोडी, तिच्यामागं कपाळावर चांद असलेलं शिंगरू, आणि पुढं एका बाहीचा सदरा.

"ही लागली कशी?" मी विचारलं.

"गोटी काढली."

"कुठली गोटी? ती तर तू मागंच काढलीस."

"काढली व्हती. मग परत घातली. आता परत काढली."

"कधी घातलीस?"

"तू नवव्या दिशी घोडा आणलास न्हवं? त्याच्या फुडच्या माजाला."

"माझ्या घोडीत?"

"बाईसाहेबांच्यात. तू काय ऐकणार व्हतास? पिशवीला इसावा पायजे व्हता. घेऊ दिला."

मी त्याचा सदरा धरला. उजवी बाही टरकन फाटली. त्यानं फाटलेल्या बाहीकडं पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं. दोनी अंगं सारकी झाली." सगळा बाजार हसला. शिंगरूही एक उडी मारून गेलं.

आता विचार करा. त्यानं घोडीत गोटी घालून ती माझ्या दावणीला रिकामी ठेवली, म्हणजे मला लुबाडलं. बरं, लुबाडायचं होतं तर घोडी स्वस्तात मागायची. यानं खाचर विकून भाव दिला. बरं, घोडी वाचवायची होती, तर मला सांगायचं. दोन उन्हाळे मी वाट बघत होतो, तेव्हा हा डोळे मिटून 'इच्छा न्हाई' म्हणत होता. माझा जुना टांगेवाला म्हणाला, "त्यानं घोडी जगवली, शेट, न्हाईतर तवाच मेली असती." घोटावड्याचे पाटील म्हणाले, "सरळ चोरी आहे." शेवटी मी पौडच्या सरकारी जनावरांच्या डॉक्टरला विचारलं, की गोटीनं खरंच माज थांबतो का. तो म्हणाला, "थांबतो असं म्हणतात. कधी थांबतो, कधी काही होत नाही. नुसत्या विसाव्यानंही पिशवी सुधारते. कधी घोडी अशीच माज धरत नाही." म्हणजे मला गोटीनं फसवलं, की सलोत्र्यानं, की घोडीनंच, हेसुद्धा नक्की नाही! त्या दिवशी मी जेवलो नाही.

सलोत्र्यानं पुढं निरोप पाठवला होता, "शिंगरू बघाया ये, तुज्या घोडीचं हाय." तुझ्या घोडीचं! विकत घेतल्यावर त्याला ती माझी वाटायला लागली. मी गेलो नाही. मग तो एका पावसाळ्यात वारला. घोडी म्हातारी होऊन कोळवणलाच राहिली, आणि ते शिंगरू, आता चांगली उंच घोडी झालेलं, पुण्याच्या वरातींना जातं. जे मी ठरवलं होतं तेच. फक्त दावण दुसऱ्याची.

मागल्या महिन्यात मी काकीकडं गेलो. ती ओसरीवर बसली होती. म्हातारी झालीय, पण जीभ तशीच.

"काकी," मी म्हणालो, "नानांनी मला का फसवलं?"

"फसवलं?" ती म्हणाली. "तू वांज म्हनून इकली, त्यांनी ती घितली. फसला कोन?"

"त्यांनी मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"तो प्रश्न नाही, काकी."

"मग परश्न कंचा हाय?" असं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. मी चहा न घेता निघालो.

वाटेत, एस.टी.त बसल्यावर, मला प्रश्न सुचला. तो इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढल्या वेळी विसरणार नाही. घोडी माझी होती. पू झाला तरी माझी, मेली असती तरी माझी. तिनं पुन्हा व्यायचं की नाही हे त्यानं माझ्या गोठ्यात, माझ्यासमोर उभं राहून ठरवलं, आणि दोन वर्षं माझ्या तोंडाकडं बघत गप्प राहिला. हा हक्क त्याला कोणी दिला? घोडीनं दिला, असं तो म्हणाला असता. तो नाही, काकी आहे. त्या दोन वर्षांत घरी भाकरी खाताना तो माझ्याबद्दल काय बोलत होता, हे तिला ठाऊक आहे. तिनं ते सांगावं. दया येत होती म्हणत असेल तर तसं सांगावं, हसत असेल तर तसं सांगावं. मी पुन्हा कोळवणला येतोय, काकी. चहा ठेवू नका. जबाब द्या.